वीस मिनिटांची थाळी, गाव विचारण्यासकट

अकरा फेब्रुवारी, मंगळवार. मंगळवारी आमच्या खानावळीत मासे नसतात, म्हणून मंगळवार हा तवे घासायचा दिवस. बुधवारी बांगडा तव्याला चिकटला तर चूक बांगड्याची नसते, मंगळवारी घासणाऱ्याची असते, हे मी सगळ्यांना सांगत आले आहे. सगळे मान डोलावतात आणि तवा माझ्याकडे सरकवतात.

तर मी मोरीपाशी बसून लोखंडी तवा घासत होते आणि भावजी आले. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. ते ठाण्याला राहतात आणि खानावळीत सहसा जेवायच्या वेळेला येतात. त्या दिवशी अकरालाच आले, तेही इस्त्रीचा शर्ट घालून, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी आहे.

"वहिनी, हातातलं जरा ठेवा."

"ठेवलं तर वाळेल. तुम्ही बोला."

"आपल्या जागेला माणूस आलाय."

"जेवायला?"

"भाड्याने घ्यायला."

जागा म्हणजे लालबागमधल्या चाळीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे, मधली भिंत काढून एक केलेले. सहा टेबलं, मागे स्वयंपाकघर, पुढे रस्त्याच्या बाजूला एक दगडी ओटा. सासऱ्यांच्या नावावर होती, ते गेल्यावर दोघा भावांच्या झाली. माझ्या नवऱ्याने अर्धी मला वापरायला दिली आहे आणि त्याबद्दल तो स्वतःला उदार समजतो. उरलेली अर्धी भावजींची. आजवर त्यांनी तिच्यावर कधी हक्क दाखवला नव्हता, फक्त फुकट सुरमई खाल्ली होती.

"कसलं दुकान टाकणार आहे?" मी विचारलं.

भावजी जरा घुटमळले. "कुत्र्यांचं सलून."

गल्ल्यावर सासूबाई बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येतं असं सगळे म्हणतात, पण मला तसा अनुभव नाही.

"कुत्र्यांचे केस कापतलो तो?" त्यांनी विचारलं.

"हो आई. हल्ली कापतात. आंघोळ घालतात, नखं कापतात. समोरच्या टॉवरमध्ये घराघरात कुत्रे आहेत."

सासूबाईंनी भावजींच्या डोक्याकडे पाहिलं. भावजींना टक्कल पडून बरीच वर्षं झाली. "तुझो काय फायदो मगे?" त्या म्हणाल्या.

फायदा होता. भाडं चांगलं होतं, मी नाकारत नाही. मनातल्या मनात हिशेब केला तर आमच्या दुपारच्या धंद्यात महिनाभर तवे घासून जे सुटत होतं त्यापेक्षा ते जास्तच होतं. मी जागेसाठी डोळ्यात पाणी आणणारी बाई नाही. पण जागा गेली तर मी घरी बसणार, आणि घरी माझा नवरा निवृत्त होऊन बसलेला आहे. तो दिवसभर बातम्या लावतो आणि बातम्यांना उत्तरं देतो. त्या खोलीत मी दुसरी श्रोती म्हणून जाणार नव्हते. शिवाय माझ्याबरोबर स्वयंपाकघरात काम करणारी, वरळीच्या बीडीडी चाळीतली माझी जोडीदार, तिचंही पोट याच तव्यावर होतं. तिला कुत्र्यांना शॅम्पू करायला लावलं असतं तर तिने भावजींनाच आंघोळ घातली असती.

मी म्हटलं, "भावजी, दुपारचा धंदा भाड्याच्या वर गेला तर?"

"कसा जाईल?"

"ते मी बघते. गेला तर?"

भावजी वाईट माणूस नाहीत. विचार करून म्हणाले, "अठ्ठावीसला शुक्रवार आहे. त्या दुपारी मी स्वतः गल्ल्यावर बसतो. भाड्याचा जो एका दिवसाचा हिस्सा होतो त्याच्या वर सुटलं, तर त्याला नाही सांगतो. नाही सुटलं तर किल्ली देतो. त्यालाही त्याच दिवशी जागा बघायला बोलावतो."

"चालेल," मी म्हटलं आणि तवा उलटा करून पाठ घासायला घेतली.

संध्याकाळी मी हे मुलीला सांगितलं. माझी मुलगी जवळच्याच एका काचेच्या इमारतीत नोकरी करते. पूर्वी तिथे गिरणी होती. माझे सासरे ज्या गेटातून भोंग्यावर आत जायचे त्याच गेटातून ती गळ्यातलं कार्ड दाखवून जाते. उशीर झाला की बोलणी त्यांनाही बसायची आणि हिलाही बसतात. तिचं काम नेमकं काय हे मला माहीत नाही, पण दुसऱ्यांच्या धंद्यात काय चुकतं ते सांगायचे तिला पैसे मिळतात. मला तिने फुकट सांगितलं.

"आई, आमच्या ऑफिसात जेवायला अर्धा तास असतो. त्यात लिफ्टची वाट बघणं आलं. तुझ्याकडे यायची सगळ्यांची इच्छा आहे, पण तुझ्याकडे जेवायला एक तास लागतो. म्हणून ते उभ्या उभ्या सँडविच खातात."

"वाढायला मला पाच मिनिटं लागतात."

"वाढायला नाही गं. उठायला. तुझी थाळी स्वस्त आहे, एका थाळीत काही सुटत नाही. सुटायचं तर एका खुर्चीवर दुपारभरात तीन-चार माणसं बसून उठली पाहिजेत. तुझ्याकडे एक बसतो तो तिथेच संसार मांडतो."

"का?"

"आजी," ती म्हणाली.

हे खरं होतं आणि मला ते माहीत होतं. फक्त कोणी इतकं स्पष्ट बोललं नव्हतं.

सासूबाईंनी खानावळ सुरू केली ती चाळीतल्या खोलीत, गिरणीतल्या माणसांसाठी. कोकणातून माणसं यायची, एकेका गावाची एकेक खोली असायची, आणि जेवण महिन्याच्या बोलीवर. नवा माणूस दारात आला की सासूबाई पहिलं विचारायच्या, गाव कुठलं. गाव कळलं की वाडी, वाडी कळली की घर, घर कळलं की त्या घरातलं कोणीतरी ओळखीचं निघायचंच. मग तो माणूस जेवण बुडवून पळणार नाही याची खात्री. त्यांची सगळी वसुली त्या एका प्रश्नावर चालायची. गिरण्या गेल्या, महिन्याची बोली गेली, लोक मोबाईलवरून पैसे देतात. प्रश्न मात्र राहिला. सासूबाई गल्ल्यावरून उठतात, काठी टेकत टेबलापाशी जातात आणि घास तोंडात असलेल्या माणसाला विचारतात, "खंयचो रे तू?"

घास तोंडात असलेला माणूस पळू शकत नाही.

माझ्या स्वयंपाकघरातल्या जोडीदाराला पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं. तिने गाव सांगितलं, सातारा जिल्ह्यातलं. सासूबाईंनी पुढचा प्रश्न केला, आडनाव. तिने तेही सांगितलं, आणि वर म्हणाली, "आजी, गाव विचारत जा, आडनाव नका विचारत जाऊ. गावाला माशाचा वास येतो, आडनावाला दुसराच येतो." त्यानंतर सासूबाईंनी कोणाला आडनाव विचारलेलं मी ऐकलं नाही. गाव मात्र कोणाचं सोडलं नाही.

मुलीने पाटी करून आणली: "क्विक लंच. वीस मिनिटांत." दोन पोळ्या, एक भाजी, माशाचं सार, भात, सोलकढी. तळलेला मासा वेगळा, त्याचा दर खाली बारीक अक्षरात. मी पाटी ओट्यावर लावली. सासूबाईंनी ती वाचून घेतली.

"वीस मिन्टांत माणूस जेवता?" त्या म्हणाल्या. "वीस मिन्टांत माणूस मरता."

पहिल्या शुक्रवारी पाटी बघून गळ्यात कार्ड घातलेली बरीच मंडळी आली. सगळी टेबलं भरली, बाहेर रांग लागली. मी पुढे वाढायला, जोडीदार तव्यापाशी. चौथ्या टेबलावर एक मुलगा बसला होता, त्याने मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर लावून समोर ठेवला होता. मला तो आवडला. मी त्याला झटपट वाढलं. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

"खंयचो रे तू?"

"नवी मुंबई, आजी."

"ता ऱ्हवण्याचा झाला. गाव खंयचा?"

"वैभववाडी."

"वैभववाडीत खंय?"

मुलाने सांगितलं. सासूबाई रिकाम्या खुर्चीवर बसल्या. त्या बसल्या की प्रकरण गंभीर असतं. त्या मुलाच्या आजोबांचा चुलतभाऊ आमच्याकडे जेवायचा, त्याला भुतांची भीती वाटायची आणि तो रात्रपाळीवरून येताना मोठ्याने आरत्या म्हणत यायचा, ही सगळी हकीकत त्याने भाताबरोबर ऐकली. गजर वाजला. त्याने बंद केला. पुन्हा वाजला. "आजी, माझी मीटिंग आहे." "बस मेल्या. मीटिंग खंय पळता? तुझो आजो गेलो तेव्हा..." आजोबा जाईपर्यंत त्याला उठता आलं नाही. मात्र तोवर त्याने दोन बांगडे तळून मागवले होते, कारण सासूबाईंनी बजावलं होतं की वैभववाडीचा माणूस बांगडा न खाता उठला तर त्या त्याच्या आवशीक, म्हणजे आईला, कळवतील.

शेजारच्या टेबलावर एक बिहारचा मुलगा होता. मला वाटलं तो सुटेल.

"बिहार खंय इला?"

"गंगा के किनारे, आजी."

सासूबाईंना त्याची दया आली. "म्हंजे नदीचे मासे. नुसते काटे." त्या स्वयंपाकघराकडे वळून ओरडल्या, "गो, ह्या पोराक समुद्र ठावक नाय. एक हलवो तळ!" मुलाला काय चाललंय ते कळलं नाही. हलव्याची तळलेली तुकडी आली, त्याने खाल्ली, पैसेही दिले आणि पाया पडून गेला. पण गेला तो पाऊण तासाने. बाहेरची रांग तोपर्यंत सँडविचवाल्याकडे गेली होती.

भावजींना दाखवण्यासारखं त्या दुपारी काही नव्हतं. मुलगी म्हणाली, "आजीला एक दिवस बाजूला ठेवून बघ."

पुढच्या शुक्रवारी मी सासूबाईंना गिरगावात नणंदेकडे पाठवलं. नणंदेचे गुडघे दुखतात, असं सांगितलं. नणंदेला फोन करून गुडघे दुखवून ठेवायला सांगितलं.

ती दुपार मी विसरणार नाही. माणसं आली, बसली, जेवली, हात धुतले, गेली. खुर्ची थंड व्हायच्या आत दुसरा बसत होता. कोणी कोणाशी बोललं नाही. नुसता ताटांचा आवाज. एका माणसाचं तर तेरा मिनिटांत झालं, उरलेल्या सात मिनिटांचं काय करायचं हे न कळून तो ओट्यावर उभा राहून दात कोरत होता. मला वाटलं, जिंकलो.

तीन वाजता आत गेले तर जोडीदार स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून उभी होती. समोर मसाला लावलेल्या माशांच्या दोन परातींना तिने झाकण घातलं होतं. झाकण उचलून बघितलं तर एकही तुकडा हललेला नव्हता.

"ताई," ती म्हणाली, "आज गर्दी पण जास्त आणि धंदा पण कमी. हे कसं काय जमवलंत?"

कसं ते उघड होतं. थाळीत नखाएवढं सुटतं. जे काही सुटतं ते तळलेल्या तुकडीत. आणि पाटीवर क्विक लंच लिहिल्यावर लोक क्विक लंच खातात, बारीक अक्षरं कोणी वाचत नाही. तळलेली तुकडी लोक भूक लागते म्हणून मागवत नव्हते, सासूबाई लाजवत होत्या म्हणून मागवत होते. देवगडचो आणि बांगडो नको म्हणतस? असं कोणी तोंडावर विचारलं की माणूस गावाच्या इज्जतीसाठी खिशात हात घालतो.

म्हणजे सासूबाई असल्या की मासा खपणार पण खुर्ची अडणार. नसल्या की खुर्ची मोकळी पण मासा पडून. मुलगी म्हणाली, "मग तू विचार ना गाव."

हे मला सुचायला हवं होतं असं मला वाटलं. सोमवारीही मासे नसतात, पण सराव म्हणून मी एका टेबलापाशी गेले. डाळभात खाणारा गृहस्थ, चष्मा, कार्ड गळ्यात.

"गाव कुठलं?" मी विचारलं.

तो दचकला. "का? काय झालं?"

"काही नाही. सहज. मूळ गाव?"

"चिपळूण. पण मी इथे बरीच वर्षं..." आणि त्याने पाकीट काढून आधार कार्ड टेबलावर ठेवलं.

मी ते वाचलंही. समोर ठेवलं तर माणूस वाचतो.

आत जोडीदार तोंडाला पदर लावून हसत होती. "ताई, आजींनी विचारलं की माणूस आजोळ काढतो. तुम्ही विचारलं की कागद काढतो."

"मग तू विचार."

"मी विचारलं तर तो मला उलट विचारेल. मग आमची दुपार तिकडेच जाईल."

त्यानंतरचा बुधवार महाशिवरात्रीत गेला. हाती फक्त अठ्ठावीस तारीख राहिली. मी ठरवलं की सासूबाईंशी सरळ बोलावं. मी त्यांच्याशी लग्नापासून सरळच बोलत आले आहे आणि त्या माझं कधीच ऐकत नाहीत, त्यामुळे आमचं बरं चाललं आहे.

गुरुवारी भांडी आवरल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. "आई, उद्याचा दिवस नीट गेला नाही तर इथे कुत्रे येणार आहेत."

"माका ठावक आसा."

"उद्या भावजी गल्ल्यावर बसणार. आणि एक ऐका. जेवणाऱ्यांशी बोलायचं नाही. एक शब्द नाही. मासा मी खपवेन."

"तू?" त्या म्हणाल्या. आधार कार्डाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"मी. जेवणाऱ्यांशी बोलायचं नाही. कबूल?"

सासूबाई म्हणाल्या, "जेवणाऱ्यांशी बोलाचा नाय मा? बरा." आणि चहा मागितला. इतक्या पटकन त्या कधी कबूल होत नाहीत. तिथेच मला शंका यायला हवी होती, पण मी तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या नारळांच्या काळजीत होते.

शुक्रवारी सकाळी भावजी आले, गल्ल्याच्या खुर्चीवर बसले आणि खुर्चीची उशी काढून बाजूला ठेवली. ती उशी सासूबाईंची. सासूबाईंनी उशी उचलली, मोरीपाशी पडलेलं लाकडी स्टूल उचललं, आणि बाहेर ओट्यावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसल्या. पाठ आमच्याकडे. मी भावजींना म्हटलं, "रुसल्या." भावजी म्हणाले, "बसू दे. हवा खाईल."

साडेबाराला टेबलं भरली आणि बाहेर रांग लागली. मी वाढत होते. आत शांतता होती, सगळे खाली मान घालून जेवत होते आणि मी मनात म्हणत होते, झालं, आज परत दोन पराती उरणार. पहिल्या टेबलाला मी विचारलं, "तळलेलं काही?" "नको, क्विक लंच." दुसऱ्या टेबलाला विचारलं. "नको."

आणि बाहेरून आवाज आला.

"गो! मालवणच्या झिलाक सुरमय!"

मी दाराकडे पाहिलं. सासूबाईंची पाठ तशीच होती. त्यांच्यासमोर रांगेत एक उंच मुलगा वाकून उभा होता आणि त्यांना मोबाईलवर कोणाचा तरी फोटो दाखवत होता.

"आई!" मी ओरडले. "आपलं काय ठरलं होतं?"

त्यांनी मान अर्धीच वळवली. "जेवणाऱ्यांशी बोलाचा नाय. हे खंय जेवतत? हे तर उभे आसत."

तेवढ्यात रांगेतल्या एका मुलीसाठी पुढची आरोळी आली. "आणि ह्या चेडवाक बांगडे दोन! राजापूरचा आसा, लाजता!"

जोडीदाराने परातीवरचं झाकण काढून भिरकावलं. तवा तापलेलाच होता. मालवणचा मुलगा खुर्चीवर येऊन बसला आणि मी त्याच्यापुढे थाळी ठेवली तेव्हा सुरमई थाळीतच होती. त्याला काही विचारायचं राहिलं नव्हतं. गाव झालं होतं, वाडी झाली होती, त्याच्या आत्याचं लग्न सासूबाईंच्या ओळखीत झालं होतं की नाही हेही ठरलं होतं. आता त्याला फक्त जेवायचं होतं. तो जेवला आणि उठला.

मग मात्र मी विचार करणं सोडून दिलं आणि पळत सुटले. बाहेर रांग जितकी लांब तितक्या सासूबाई खूश, कारण उभ्या माणसाला कुठे जाता येत नाही आणि त्याला दुसरं काही कामही नसतं. आत खुर्च्या भराभर रिकाम्या होत होत्या. एका गुजराती बाईंना त्यांनी मासा नाही, पण सोलकढीचे दोन पेले जास्तीचे लावले. लातूरच्या एका माणसाला म्हणाल्या, "लातुराक समुद्र नाय ह्यात तुझो दोष नाय," आणि त्याच्यासाठी कोळंबी.

एकच्या सुमाराला रांगेत एक गोल चेहऱ्याचा, नीटनेटका माणूस दिसला, हातात चामड्याची बॅग. तो रांग सोडून आत यायला बघत होता. सासूबाईंची काठी आडवी झाली.

"खंयचो रे तू?"

"मी अंधेरीहून आलोय, पण मी जेवायला नाही..."

"ता ऱ्हवण्याचा झाला. गाव?"

"तसं गाव नाही आम्हाला. आई वेंगुर्ल्याची."

"मगे तूच वेंगुर्ल्याचो. गाव नाय कसो?"

"आजी, माझं इथे काम आहे."

"कामाकच सगळे इलेत. रांगेत ऱ्हव. गो! वेंगुर्ल्याच्या झिलाक पापलेट! बरा मोठा बघून!"

तो राहिला. काय करणार. नंतर कोपऱ्यातल्या टेबलावर बसून त्याने पापलेट खाल्लं, आधी घाईने, मग सावकाश. शेवटी त्याने काटा दोन्ही हातांनी धरला, तेव्हा मला कळलं की याची आई खरंच वेंगुर्ल्याची आहे. सोलकढी पिऊन तो गल्ल्याशी पैसे द्यायला गेला. भावजी खाली मान घालून सुट्टे शोधत होते. त्यांनी वर बघितलं आणि उभेच राहिले.

"अहो, तुम्ही! मला सांगितलं नाहीत आलात ते?"

"सांगणार होतो. मला जेवायला बसवलं." त्याने मागे वळून सगळीकडे नजर फिरवली. "जागा चांगली आहे. वरती उंचीही आहे. पण एक अडचण आहे."

"काय?"

"मी इथे कुत्रे आणले तर ही आजी त्यांनाही गाव विचारेल."

ओट्यावरून पाठमोराच आवाज आला. "इचारतलंय मा! आणि काय खातत ता पण!"

तो हसला, भावजी हसले नाहीत. त्यांच्या मागे पैसे देणारे उभे होते.

तीन वाजता दोन्ही पराती रिकाम्या होत्या. भावजींनी गल्ला मोजला. मग पुन्हा मोजला, कारण पहिल्यांदा जो आकडा आला तो त्यांना पटला नाही. मी मासळीचा, नारळांचा, गॅसचा खर्च सांगितला, तो त्यांनी वजा केला, आणि जोडीदाराचा रोजही, जो ते विसरत होते आणि तिने खाकरून आठवण करून दिली. उरलं ते भाड्याच्या हिश्श्याहून जास्त होतं. फार नाही, पण जास्त.

"एका दुपारचं काय," भावजी म्हणाले.

"ठरलं एका दुपारचंच होतं."

"बरं. जूनपर्यंत बघू."

"जूनमध्ये मासेमारी बंद असते, भावजी. जून धरून तुम्ही मला हरवणार."

"मग जुलै."

"जुलैमध्येही बंद."

सासूबाई उशी काखेत धरून आत आल्या. "नारळी पुनवेनंतर बोल," त्या म्हणाल्या. "आता उठ माझ्या खुर्चीवरून." भावजी उठले. त्या बसल्या नाहीत, नुसती उशी जागेवर ठेवली आणि जेवायला मागितलं. भावजींनी त्यांच्यासमोर बसून फोन लावला आणि अंधेरीच्या माणसाला सांगितलं की जागा तूर्तास देता येत नाही. पलीकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. भावजी म्हणाले, "हो, शुक्रवारी असतं. बुधवारीही."

मुलगी संध्याकाळी आली. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी म्हणत होते तेच. खुर्ची मोकळी झाली पाहिजे." मी म्हटलं, हो. तिचं बरोबरच होतं. आजीला बाजूला ठेवायचं होतं, फक्त बाजू कुठली ते कोणालाच सुचलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी लवकर बाहेर पडले. लालबागच्या बाजारातून हातांची, पाठीला टेका असलेली प्लास्टिकची खुर्ची घेतली. दुकानदार निळी देत होता, मी लाल घेतली, म्हणजे रांगेतल्यांना लांबून दिसेल. पुढच्या हार्डवेअरच्या दुकानातून साखळी आणि कुलूप घेतलं, कारण आमच्या रस्त्यावर मोकळी खुर्ची संध्याकाळपर्यंत टिकत नाही. खुर्ची ओट्यावरच बसते, फुटपाथवर येत नाही, हे मोजून बघितलं आणि दाराच्या जाळीला बांधून टाकली. मग पाटी खाली उतरवली आणि "वीस मिनिटांत" या शब्दांखाली खडूने लिहिलं, "गाव बाहेर सांगून आत यावे." तळलेल्या माशांचे दर पुसून मोठ्या अक्षरात काढले.

नंतर आत जाऊन तवा मोरीत घेतला. मंगळवारपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता, शुक्रवारचं बरंच चिकटलं होतं.